घडीचा बूटजॅक: बिजागरी वर की खाली?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

बूट काढायच्या आणि लेस आवळायच्या घडीच्या साधनाबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बूटजॅक म्हणजे एका टोकाला खाच असलेली फळी. खाचेमागं, खालच्या अंगाला आडवा ठेपा असतो, त्यामुळं ते टोक जमिनीपासून उचललेलं राहतं. एका पायानं फळीवर उभं राहायचं, दुसऱ्या बुटाची टाच खाचेत अडकवायची आणि पाय वर ओढून काढायचा. घडीच्या प्रकारात ही फळी बिजागरीवर मोडते आणि लेस ओढायचा आकडा तिच्या पोटात ठेवलेला असतो.

प्रश्न: घरीच घडीचा बूटजॅक केला. दोन फळ्यांच्या वरच्या अंगाला चांगली भक्कम बिजागरी लावली. पाय ओढला की फळी मधेच वर दुमडते. याहून मोठी बिजागरी लावू का?

उत्तर: कितीही मोठी लावलीत तरी हेच होणार, कारण बिजागरी उलट्या अंगाला बसली आहे. आपण फळीवर उभे राहतो म्हणून सगळा भार खाली जातो असं वाटतं. पण बूट काढताना खाचेवर येणारी ओढ वरच्या दिशेची असते. पुढचं टोक वर उचललं जातं, मागचं पायाखाली दाबलेलं राहतं, आणि वरची बिजागरी आनंदानं मिटते.

बिजागरी खालच्या अंगाला लावा. मग पुढचा तुकडा वर उठू लागला की दोन्ही फळ्यांच्या कापलेल्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि फळी तिथंच अडते. मधोमध वजन पडून फळी खचू पाहते तेव्हाही याच कडा तिला थोपवतात. घडी मात्र खालच्या बाजूला, पोटाला पोट लावून, सहज मिटते. खात्री करायची तर बूटजॅकची दोन टोकं दोन जाड वह्यांवर टेकवा आणि मधे तळहातानं दाबा. हलला नाही तर काम बरोबर.

यातली दुसरी चूक जास्त लबाड आहे. बिजागरी योग्य अंगाला असते, पण फळ्यांच्या मधे फट राहते. १८ मिमी जाडीच्या फळीत वरच्या कडेला फक्त २ मिमी फट असेल, तर कडा भिडेपर्यंत पुढचा तुकडा सहा अंशांहून जास्त फिरतो. तो तुकडा २२ सेंमी लांब असेल तर त्याचं टोक जवळजवळ अडीच सेंमी वर येतं. एवढ्या हालचालीत टाच खाचेतून निसटते. म्हणून बिजागरी बसवताना दोन्ही तुकडे सपाट टेबलावर उलटे ठेवून कडा घट्ट भिडवा, वाटल्यास शिकंजात धरा, आणि मगच भोकांच्या खुणा करा. बिजागरी आधीच बसली असेल तर फटीच्या मापाची कठीण लाकडाची किंवा पत्र्याची पट्टी एका कडेला चिकटवा. रबर नको, ते दबतं आणि फट पुन्हा उघडते.

प्रश्न: नव्यानं करायचा तर मापं काय घ्यावीत? घडी केल्यावर ठेपा मधे येतो, त्याचं काय करायचं?

उत्तर: ठेप्याचं उत्तर मापातच आहे. दोन्ही तुकडे सारखे करू नका. एकूण ३४ सेंमी लांब, १३ सेंमी रुंद, १८ मिमी जाडीची फळी घ्या आणि ती २२ आणि १२ सेंमी अशी कापा. २२ चा तुकडा पुढचा. खाच साडेपाच सेंमी खोल, म्हणजे तिचा तळ बिजागरीपासून साडेसोळा सेंमीवर येतो. ठेपा अडीच सेंमी रुंद आणि ४ सेंमी उंच ठेवा आणि तो बिजागरीपासून १३ ते साडेपंधरा सेंमीच्या पट्ट्यात बसवा. आता मागचा १२ सेंमीचा तुकडा मिटला की ठेप्याच्या १ सेंमी अलीकडंच थांबतो. दोन्ही तुकडे एकाच फळीतून कापा, म्हणजे जाडीत फरक पडत नाही. मधला काप गुण्या लावून काटकोनात घ्या. वरची मजबुती या एका कापावर उभी आहे.

खाचेचं तोंड साडेसात सेंमी आणि तळ ५ सेंमी रुंद, गोलसर ठेवा. मोठ्या माणसाच्या साधारण बुटाला हे चालतं. बूट लहान असतील तर आधी पुठ्ठ्यावर खाच कापून पाहा. बुटाची टाच खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट लागली पाहिजे आणि मागं तळाशी १ सेंमी तरी मोकळं राहिलं पाहिजे. टाच तळाला आधी टेकली तर बाजूंची पकड मिळतच नाही.

खाचेला ३ मिमी जाडीचं चामडं किंवा नमदा लावणार असाल तर खाच तेवढीच, म्हणजे दोन्ही बाजू धरून ६ मिमी, जास्त रुंद कापा. अस्तर चिकटवण्यापूर्वी खाचेच्या वरच्या आणि खालच्या धारा कानशीनं गोल करून घ्या. नाहीतर अस्तर त्या धारेवरच महिनाभरात कापलं जातं. अस्तराला खिळे ठोकू नका, चामडं झिजलं की डोकी वर येतात आणि बुटावर ओरखडे उठतात.

प्रश्न: खाचेच्या तळापासून फळी उभी चिरली. लाकूड तर चांगलं कठीण होतं.

उत्तर: कठीण असून उपयोग नाही, चीर रेषांच्या दिशेनं गेली आहे. टाच खाचेत रुतते तेव्हा ती पाचरीसारखं काम करते आणि खाचेची दोन शिंगं बाहेर फाकवते. फळीच्या रेषा लांबीच्या दिशेनं असतात, म्हणून लाकूड नेमकं खाचेच्या तळातून फाटतं. १८ मिमी प्लायवूड वापरलंत तर थर आलटून पालटून आडवे-उभे असल्यानं हा प्रश्न बहुतेक मिटतो. अखंड लाकूडच हवं असेल तर आडव्या ठेप्याला नुसतं चिकटवू नका. डिंक लावून खालून चार स्क्रू द्या, दोन-दोन प्रत्येक शिंगाच्या रेषेत. मग तोच ठेपा फळीला आडवा बांधून ठेवतो. खाचेच्या तळाला कोपरे ठेवू नका. चौकोनी कोपऱ्यातून चीर सुरू व्हायला वेळ लागत नाही, गोल तळात ताण पसरतो.

चिरलेली फळी डिंक भरून जोडता येते, पण तिच्यावर पुन्हा ओढ घेऊ नका.

प्रश्न: बिजागरीचे स्क्रू दर दोन-तीन महिन्यांनी ढिले होतात. शिवाय ओढताना पुढचं टोक उचललं जातं. फळी हलकी आहे म्हणून का?

उत्तर: फळीच्या वजनाचा यात फारसा संबंध नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: तुम्ही फार मागं उभे राहता.

वर सांगितलेल्या मापाचा बूटजॅक धरू. खाचेचा तळ मागच्या कडेपासून साडेअठ्ठावीस सेंमीवर आहे. ६० किलोच्या माणसाचं सगळं वजन मागच्या कडेपासून ५ सेंमीवर, म्हणजे टाचेवर, असेल तर खाचेपाशी दहा किलोच्या आसपास ओढ आली की फळी मागच्या कडेवर फिरून उचलते. तोच माणूस तिथंच उभा राहून वजन चवड्यावर, म्हणजे १८ सेंमीवर, नेईल तर ती ३८ किलोपर्यंत टिकते. तेव्हा उभ्या पायाची टाच मागच्या कडेपाशी, चवडा बिजागरीच्या पुढं, आणि भार चवड्यावर.

स्क्रूचंही तेच. तुम्ही फक्त मागच्या तुकड्यावर उभे असाल आणि खाचेत ३० किलोची ओढ असेल, तर ती ओढ बिजागरीपासून साडेसोळा सेंमीवर लागते आणि तिला तोलायला बिजागरीकडं फळीची जाडी तेवढी, १८ मिमी, असते. गणित केलं तर बिजागरीवर सुमारे २७५ किलोचा ताण येतो. चवडा बिजागरीच्या पुढं गेला की यातला बराच भाग पायच उचलतो.

बिजागरी ७५ मिमीची, पोलादी, एकच घ्या. दोन लहान लावायच्या तर त्या ज्यांवर फिरतात ते मधले खिळे एका रेषेत यायला हवेत, आणि ते घरी क्वचित जमतं. लाकडी स्क्रूऐवजी ४ मिमीचे आरपार बोल्ट वापरा. चपट्या डोक्याची बाजू बिजागरीकडं, नट वरच्या अंगाला खोलगट भोकात बुडवलेला, खाली वॉशर. न सुटणारे, आत नायलॉनचं कडं असलेले नट मिळतात, तेच घ्या.

प्रश्न: बूट निघतो, पण टाचेच्या मागं चामडं मऊ पडून चुरगळलंय. बूटजॅकमुळंच झालं असेल का?

उत्तर: बूटजॅकमुळं नाही, लेस न सोडता ओढल्यामुळं. बुटाच्या मागच्या भागात अस्तर आणि चामड्याच्या मधे एक ताठ पट्टी असते. लेस बांधलेली असेल तर घोट्यापाशी बूट अरुंद राहतो, आणि तिथून टाच बाहेर काढायला ही पट्टी मोडावी लागते. एकदा मोडली की ती पुन्हा ताठ होत नाही, आणि मग बूट घालताना मागची कड आत दुमडते.

लेसची गाठ सोडून वरचे सगळे हूक मोकळे करा. खालच्या भोकांतली लेस दोन-तीन आडव्यांवर बोटानं सैल करा, जीभ पुढं ओढा. टाच खाचेत दोन्ही बाजूंना घट्ट लागेपर्यंत सरकवा. खाचेची कड बुटाच्या टाचेच्या ठोकळ्यावर नाही, त्याच्या जरा वर, पाठीवर बसली पाहिजे. ठोकळ्यावर ओढ घेतली तर तो तळापासून सुटतो. मग बुटाचं टोक जमिनीकडं दाबा, आतली टाच आधी वर सरकू द्या आणि नंतर पाय मागं-वर काढा. हिसका मारू नका, सावकाश वाढणारी ओढ पुरते.

टाच आणि तळ एकसलग सपाट असलेल्या बुटांना खाच धरत नाही, घसरते. त्यांच्यासाठी बूटजॅक घेऊच नका.

रबरी गमबुटाची अडचण निराळी आहे. ओला मोजा आतल्या अस्तराला चिकटतो आणि पाय वर येऊ लागला की खाली पोकळी होते, आत हवा शिरायला वाट नसते. ओढण्याआधी टाच आत डावी-उजवी फिरवा आणि बुटाच्या मागच्या कडेतून शूहॉर्नची पट्टी खाली सरकवा. हवा आत गेली की बूट सुटतो.

प्रश्न: पहिला बूट छान निघतो. दुसऱ्याच्या वेळी पाय घसरतो.

उत्तर: साहजिक आहे, आता तुम्ही मोजा घातलेल्या पायानं पॉलिश केलेल्या फळीवर उभे आहात. फळीच्या वरच्या अंगाला, ठेप्यापासून मागच्या कडेपर्यंत, बुचाचा पत्रा किंवा खरबरीत रबर चिकटवा, पण बिजागरीच्या जोडावर ते कापून दोन तुकडे करा. खाली मागच्या कडेला आणि ठेप्याच्या तळाला ३ मिमीच्या रबरी पट्ट्या हव्यात. आणि हात टेकायला भिंत किंवा जड टेबल असेल तिथंच बूटजॅक ठेवा.

प्रश्न: घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीच्या खुब्याचं सांधेरोपण झालंय. वाकायची मनाई आहे. हे साधन द्यावं का?

उत्तर: बूट काढताना वाकावं लागत नाही हे खरं, पण बूटजॅक वापरताना काही क्षण एका पायावर उभं राहून दुसरा जोरानं ओढावा लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात नेमकं हेच टाळायचं असतं. त्यांना लांब दांड्याचा शूहॉर्न आणि एकदाच बांधून ठेवायच्या इलॅस्टिक लेस द्या. बसून, पुढं न वाकता बूट चढतो-उतरतो. पुढं बूटजॅक द्यायचा की नाही, हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा. आकड्यानं लेस ओढायला तर पुढं वाकावंच लागतं.

प्रश्न: लेस ओढायच्या आकड्यानं दोनदा लेस तुटली आणि एकदा भोकातली धातूची कडीच बाहेर आली. फार जोर लावत नाही.

उत्तर: जोर कमी लावता, पण लेसपर्यंत तो कितीतरी वाढून पोचतो. धनुष्याची दोरी मधे धरून ओढली तर टोकांवर किती ताण येतो ते आठवा. ताणलेल्या लेसचं एक आडवं मधोमध आकड्यानं उचललं आणि ती दोन्हीकडं दहा-दहा अंशांनी वर आली, तर लेसमधला ताण तुमच्या ओढीच्या जवळजवळ तिप्पट होतो. पाच किलोची ओढ म्हणजे लेसमध्ये चौदा किलोहून जास्त. लेस आधीच घट्ट असेल तर कोन आणखी लहान असतो आणि पट आणखी वाढते. म्हणून घट्ट लेस पुन्हा आकड्यानं ओढू नका. ढील आहे तिथंच आकडा लावा, आणि आडवं उचलून आलेली ढील हातानं पुढच्या भोकाकडं काढून घ्या.

क्रम पायाच्या बोटांकडून घोट्याकडं. सुरू करण्याआधी टाच जमिनीवर दोनदा हलकेच आपटा, म्हणजे ती बुटात मागं बसते. बोटांपाशी नुसती ढील काढायची, पावलाच्या उंचवट्यावर मध्यम, आणि खरा ताण घोट्याच्या वळणावर. बोटं बधिर होत असतील किंवा पावलाच्या वरच्या हाडावर दुखत असेल, तर त्या जागेवरची फुली गाळा: लेस दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात न्या आणि मग पुन्हा फुली सुरू करा.

आकडा स्वतः करायचा तर ४ मिमीची पोलादी सळई, वळलेलं टोक कानशीनं गोल आणि गुळगुळीत. टोकाला धार राहिली तर लेसचे धागे ती एकेक करून कापते, आणि आपण लेस बनवणाऱ्याला दोष देत बसतो. मूठ म्हणून त्याच सळईचा चपटा, तिकोनी वळसा द्या. लाकडी मूठ हाताला बरी, पण घडीत मावत नाही. बिजागरी फळीच्या पृष्ठावर बसवली असेल तर घडी मिटल्यावर दोन फळ्यांमधे तिच्या नळीएवढी, साधारण ६ मिमीची, जागा उरते. आकडा तिथं चामड्याच्या पट्टीखाली सरकवून ठेवता येतो. आकडा फळीलाच कायमचा जोडलेली साधनंही असतात, ती आम्हाला पटत नाहीत. लेस ओढताना अख्खी फळी हातात घेऊन फिरवावी लागते.

प्रश्न: एवढं आवळून बांधलं तरी टाच वर-खाली होते आणि चालता चालता गाठही सुटते. लेस ओवण्याची वेगळी पद्धत चांगली का?

उत्तर: पद्धत बदलायची गरज नाही. बर्कार्ड पोल्स्टर या गणितज्ञानं २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की बुटाच्या दोन बाजू जवळ ओढण्यात नेहमीची फुल्यांची आणि सरळ आडव्यांची, या दोनच पद्धती सर्वांत जोरकस आहेत. तुमचा घोटाळा ताण टिकवण्यात आहे.

घोट्याच्या वळणापर्यंत लेस आवळलीत की तिथं दोन्ही टोकं एकमेकांभोवती एकदा नाही, दोनदा गुंडाळा आणि ओढा. त्या दुहेरी पिळातलं घर्षण खालचा ताण धरून ठेवतं. मग टोकं सरळ वरच्या हुकांपर्यंत न्या आणि हुकाभोवती वरून खाली वळवा, म्हणजे पीळ सैल पडत नाही. टाच बहुतेक वेळा एवढ्यानं जागेवर बसते.

गाठ सुटण्याबद्दल २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या अभियंत्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला. धावताना पाय जमिनीवर आदळतो तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो आणि ती किंचित सैल होते. पाय पुढं-मागं झुलतो तेव्हा लेसची मोकळी टोकं झटके देऊन तिला उकलत नेतात. दोन्ही मिळून गाठ काही सेकंदांत कोसळू शकते. तेव्हा मोकळी टोकं लांब लोंबू देऊ नका.

आणि गाठ उलटी आहे का ते पाहा. बांधून झाल्यावर फुलाचे दोन फासे बुटाला आडवे, डावी-उजवीकडं पडले पाहिजेत. ते बोटं आणि घोटा यांच्या दिशेला उभे वळत असतील तर तुमची गाठ कच्ची आहे. पहिला पीळ डावी लेस उजवीवर घालून देत असाल तर तो उलट, उजवी डावीवर, द्या. बाकी फूल नेहमीसारखंच बांधा. जुनी सवय मोडायला आठवडाभर लागतो.

प्रश्न: लेस बदलायची आहे. लांबी कशी ठरवावी?

उत्तर: जुनी लेस काढून मोजा, याहून बरा उपाय नाही. ती हरवली असेल तर भोकं आणि हूक मिळून जोड्या मोजा: सहा-सात जोड्यांना १४० सेंमी, आठ जोड्यांना १६०, नऊ-दहा जोड्यांना १८० हा अंदाज धरा. दुहेरी पीळ देणार असाल तर पुढचं माप घ्या. टोकाचं प्लास्टिक निघालं असेल तर तेवढ्यासाठी लेस टाकू नका. विजेच्या तारांवर चढवतात ती गरम केली की आकसणारी नळी २ सेंमी कापून टोकावर घाला आणि केस वाळवायच्या ड्रायरची किंवा इस्त्रीची धग द्या. काडेपेटीची ज्योत जवळ नेऊ नका, लेस नायलॉनची असेल तर वितळून गोळा होते आणि मग भोकातून जात नाही.